आजाऱ्याचा वाटा

१४ डिसेंबर १९५८

आजही बाबांच्या ओटीवर टोपली नव्हती. दिवाळी झाली तेव्हापासून नाही.

शाळेत शिकवायला जाताना मुद्दाम वळसा घेऊन गेलो. बहीण बायजा ओटी सारवत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "बघतोस काय दादा? मांजरसुद्धा यायची बंद झाली."

बुधाजीची होडी मात्र भरून आली होती. मी स्वतः पाहिली. बोंबील ओतताना त्याच्या सुना हसत होत्या.

मला ठाऊक असलेलंच लिहितो आहे. लिहिलं की राग नीट बसतो, सांडत नाही. बाबा त्या होडीचे तांडेल. होडी बुधाजीच्या नावावर, पण सुकाणू कायम बाबांच्या हातात. गणपतीनंतर भर समुद्रातच त्यांची उजवी बाजू गेली. आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यात होडीवरचा माणूस आजारी पडला तरी त्याचा वाटा थांबत नाही. मालकाच्या घरची बाई पहाटे मासळीची टोपली आणून ओटीवर ठेवते आणि हाक न मारता निघून जाते. आजाऱ्यावर आभार मानायची पाळी येऊ नये म्हणून हाक मारायची नाही. त्या टोपलीवर बाबांचं औषध चालायचं आणि विधवा बायजाचं पोट.

आणि टोपली आली नाही तर विचारायचं नाही. मागितला की तो वाटा राहत नाही, भीक होते. बुधाजीला हे चांगलं माहीत आहे. म्हणून तर त्याने अशी जागा धरली, जिथे आम्हाला ओरडताही येत नाही!

१७ डिसेंबर

पगार झाला. बाबांच्या उशाशी काही नोटा ठेवल्या. डाव्या हाताने सरकवून दिल्या. आता बोलायला त्यांना वेळ लागतो, पण शब्द पक्के येतात.

"तुजा पगार तुज्या पोरांचा."

म्हटलं, मी तुमचाच पोर ना?

"तू मास्तर."

म्हटलं, बुधाजीकाकांशी बोलू का?

एवढे रागावले की तोंडाच्या कडेने लाळ आली. "इचारायचं न्हाय! माज्या जिवात जीव हाय तवर न्हाय!"

मी लाळ पुसली. हा माणूस वाऱ्याच्या वासावरून सांगायचा की दुपारी काय होणार. त्याने आता औषधही बंद केलं आहे. आणि ज्याच्यासाठी उभा जन्म सुकाणू धरलं, त्याला टोपलीभर मासळी जड झाली.

२१ डिसेंबर

बुधाजी देवळापाशी भेटला. "बरा हायेस ना मास्तर?" बरा आहे म्हणालो. सगळे दात दिसतील असा हसलो.

४ जानेवारी १९५९

बायजा आता येसाजी नाखवांच्या वलांडीवर बोंबील लावायला जाते. बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून आडव्या दोरांवर वाळत घालायचं काम, दिवसभर उन्हात. तांडेलाची लेक दुसऱ्याच्या वलांडीवर! तिच्या बोटांवर चिरा पडल्या आहेत आणि चिरांत मीठ.

"तुजं ते बी. ए. काय कामाचं रे?" म्हणाली. "बुधाजीला इंग्रजीत एक शिवी तरी घाल. त्याला कळायची न्हाय, आपलं काळीज तरी थंड व्हईल."

मी हसलो. ती हसली नाही.

माझ्या कॉलेजच्या फीसाठी बाबांनी दोन जाळी विकली होती. त्या वर्षी ते दुसऱ्याच्या जाळ्यांवर अर्ध्या वाट्याने गेले. त्याची परतफेड मला करता येत नाही, कारण ते घेत नाहीत. मग बुधाजीची तरी करू.

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. खोडत नाही.

१९ जानेवारी

आला! स्वतःच्या पायांनी आला.

सरकार होड्यांना इंजिनं बसवायला मच्छीमारांच्या सोसायटीमार्फत कर्ज देणार आहे. या खेपेला आमच्याकडे चार इंजिनं. किमतीतला काही भाग होडीवाल्याने आधी रोख भरायचा. सेक्रेटरी मी, बिनपगारी. उपनियमही मीच लिहिले. सेक्रेटरीच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचाही कर्जात भाग असू नये, हा नियम मी घातला तेव्हा अध्यक्ष येसाजी नाखवा कपाळावर हात मारून म्हणाले होते, "मास्तर, कोळीवाड्यात रक्ताचं नातं न्हाय असा कोन उरतो? कावळे?" तरी मी ऐकलं नाही. त्यानंतर माझ्या चुलतभावाचा अर्ज आला तो मी त्याच्याच हातात परत दिला. बायको, रतन, पंधरा दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

आज बुधाजी अर्ज घेऊन आला. रोख भागाचे पैसे सोबत. कुठून आले? मला विचारायची गरज नाही. बाबांच्या तोंडातून काढलेल्या मासळीचे!

"बघ हां मास्तर, नीट हाय ना सगळं?"

"बघतो काका."

तो गेल्यावर बघितलं. नीट नाही. बंदर कचेरीचा होडीच्या मोजणीचा दाखला गेल्या वर्षाचा आहे. नवा काढायला एक फेरी पुरते. पण काढला नाही तर अर्ज अपुरा.

मुदत पंधरा मार्चपर्यंत.

२० जानेवारी

काही केलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. लाडू वाटले. बुधाजीने दोन घेतले.

त्याला आज सांगता आलं असतं. तो माझ्या पुढ्यातच उभा होता. बाकीच्यांपैकी तिघांच्या अर्जांत काही ना काही कमी होतं, ते सांगायला मी सायकल मारत त्यांच्या दारात गेलो होतो. बुधाजीचं दार त्याच वाटेवर आहे.

सेक्रेटरीने अर्जदाराला चूक दाखवावी असं कोणत्याही नियमात नाही. मीच नियम लिहिले आहेत, मला माहीत आहे. तिघांना सांगितलं ते सौजन्य. सौजन्य कोणाला दाखवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

हा युक्तिवाद वर्गात एखाद्या मुलाने केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

८ फेब्रुवारी

अमावास्येचं उधाण. होड्या भरभरून आल्या. किनाऱ्यावर वाटे पडत होते, मी लांबून बघत होतो. बुधाजीने एक वाटा वेगळा काढला आणि सुनेला काहीतरी सांगितलं. वाटलं, बाबांचा! सून टोपली उचलून निघाली. माझे पायही निघाले. ती बाबांच्या दाराकडे वळलीच नाही. सरळ बाजारात गेली.

म्हणजे वाटा अजून काढतो आहे. काढतो आणि विकतो!

आता माझ्या मनात काही उरलं नाही. जाऊ दे इंजिनं लावून सगळ्या होड्या पुढे. हा मागे वल्ही मारत राहू दे. त्याच्या हातांना घट्टे पडू देत. बाबांच्या हाताला आता घट्टेही पडत नाहीत.

१३ फेब्रुवारी

रतन म्हणाली, "झोपेत दात खाता. चार रात्री ऐकते आहे."

तिला सांगितलं. सगळं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"मग भांडा की त्यांच्याशी. दारात उभे राहून भांडा. हे असलं गप्प बसणं म्हणजे ताटात केस दिसला तरी दुसऱ्याला जेवू देणं."

म्हटलं, मागता येत नाही. बाबांनी शपथ घातल्यासारखं केलं आहे.

"वाटा मागता येत नाही. कारण विचारता येत नाही का?"

मी चिडलो. म्हटलं, तुला कोळीवाड्याची रीत कळत नाही, तू तळा गावची, शेतकऱ्यांची मुलगी. तिने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

२ मार्च

बाबांना भेटलो. खंगले आहेत. पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी, एवढंच. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. मी इंजेक्शनं आणली होती. बायजाने आणली असं सांगायचं ठरवलं होतं, पण बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"सोसायटीचं कसं चाललंय?" अचानक विचारलं. कधी विचारत नाहीत.

चांगलं चाललंय म्हटलं.

"चार इंजिनं येनार म्हनं."

हो म्हटलं.

"कोनाकोनाला?"

मी सांगितलं, अजून ठरलं नाही, आणि ठरेपर्यंत सेक्रेटरीने बाहेर बोलू नये. बाबा छताकडे बघत राहिले. तोंडाची चांगली बाजू हलली. हसले की काय, कळलं नाही.

त्यांनाही बुधाजीचं इंजिन सलत असणार! मनात म्हटलं, बाबा, थोडं थांबा. तुम्ही बोलू शकत नाही ते मी करतो आहे.

१४ मार्च

उद्या शेवटचा दिवस. संध्याकाळी चपला घालून निघालो. बुधाजीच्या अंगणापर्यंत गेलो. आत त्याचा आवाज, सुनेला सांगत होता, "इंजिन आलं की तुला पयल्यांदा बसवून जंजिऱ्याला फेरी. मंग म्हन, सासरा खाष्ट हाय."

आत सगळे हसले.

परत फिरलो. मी निघालो होतो, हे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. परत फिरलो, हे माझ्याविरुद्ध. पण खरं सांगायचं तर परत येताना पाय हलके होते.

१६ मार्च

समितीची बैठक. पाच अर्ज, चार इंजिनं. मी प्रत्येक अर्ज वाचून दाखवला, एका सुरात. पाचवा — दाखला जुना, सबब अपुरा. येसाजी नाखवांनी माझ्याकडे पाहिलं. "बुधाजीला कळवलं न्हवतं?"

"नियमात नाही," मी म्हणालो.

नामंजूर.

घरी येऊन पोटभर जेवलो. आमटी दोनदा घेतली.

२४ मार्च

शिमगा. पोरं बोंबा मारत दारोदार फिरली. आज कोणी कुणाचं मनावर घ्यायचं नसतं. बायजा बायकांच्या घोळक्यात पुढे होती. बुधाजीच्या दारात पोचल्यावर तिने हाळी दिली, "काय गो बायांनो, इंजिनाचा आवाज येतोय का?" बायका ओरडल्या, "न्हाय गो, म्हाताऱ्याचं पोट वाजतंय!"

माझे डोळे भरून आले, आनंदाने. बायजा हसताना मी किती महिन्यांनी पाहिली.

बुधाजी दारात उभा होता. त्याने बायजाला नारळ दिला, रीतीप्रमाणे. चेहरा दगडाचा.

होळीत घातला असता तर हा राग जळला असता का? मला तो जाळायचा नव्हता. ऊब लागते.

२६ मार्च

आज बुधाजी शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला. मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती, कित्येक दिवस. वाक्यं पाठ होती. तो भांडला नाही. जे बोलला ते आठवतं तसं लिहितो.

"तुजा बा धर्माजी म्हनाला व्हता, पोरगा पकडील. पकडलंस."

मी विचारलं, काय पकडलं?

"आता माज्याशी तरी नाटक नको. दिवाळीत तुज्या बानं मला बोलावला. म्हनाला, बुधाजी, आजाऱ्याचा वाटा आजाऱ्याबरोबर चितेवर जातो. मी गेलो की दुसऱ्या दिवसापासून बायजाला काय? टोपली आनू नको. माजा वाटा ईक, पैसं साठव, तुज्या इंजिनात घाल. इंजिनाला होडीवर येगळा वाटा पडनार. त्यातला अर्धा बायजाचा. इंजिन चालंल तवर. मी म्हनालो, आरं पन तोवर तू खाशील काय? म्हनाला, पेज. बायजालासुदा सांगू दिलं न्हाय. तिच्या पोटात गोष्ट ऱ्हात न्हाय, मास्तरला सांगंल. आनि मास्तरला तर मुळीच न्हाय. त्यानंच कायदा लिवलाय, रक्ताच्या मानसाचा भाग नको. कल्लं तर आदी सोताला इचारील, मंग कायद्याला, नि अर्ज परत देईल."

फाटकाची कडी माझ्या हातात होती. गार होती, एवढं आठवतं.

"तर कल्लं तुला. कोनी सांगितलं ते इचारत न्हाय. धर्माजीचं नाव भायेर काढून त्याची शोभा करू नये म्हनून दाखल्याचं निमित्त केलंस, तेबी समजलो. सरळ मानूस हायेस. पन मास्तर, इतका सरळ मानूस घरात असू नये. घर मोडतं."

मी म्हणालो, "काका, मला..."

तो थांबला. वाट बघत होता.

मी वाक्य तिथेच सोडून कडी लावली.

"पुढल्या साली बघू," म्हणाला. "धर्माजी असला तर. साठवलेलं परत देतो, त्याला आता औषध लागंल." आणि गेला.

२७ मार्च

मला ठाऊक नव्हतं असं सांगितलं, तर विचारतील, मग दाखल्याचं का सांगितलं नाहीस? ठाऊक होतं असं सांगितलं, तर बापाचं औषध आणि बहिणीचं पोट नियमासाठी मारलं. एकात मी नीच, दुसऱ्यात निष्ठुर. निष्ठुर माणसाला लोक मान देतात. म्हणून गप्प आहे. हे कारण आहे, दुसरं नाही.

सूड घेतला कुणाचा? पेज पिऊन साठवलेल्या बायजाच्या वाट्याचा. रतनने विचारलं होतं, कारण विचारता येत नाही का? एका वाक्याचं काम होतं.

आणि तरीही... आज सकाळी बुधाजीला होडी लोटताना पाहिलं आणि क्षणभर जुना राग उठला. आयता. त्या रागाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

३० मार्च

बुधाजीने ती गोष्ट कोळीवाडाभर केली. बायजा आली. ओरडली नाही, बसली नाही.

"तुला ठाऊक व्हतं?"

मी खाली बघितलं. तिने त्याचं हो केलं.

"मी शिमग्यात त्याच्या दारात नाचले. तू बघत उभा व्हतास. ठाऊक असून."

रतन मध्ये काही बोलणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आत गेली.

"आता भूक लागली की कायद्याकडं टोपली घेऊन जाऊ का?" म्हणून बायजा गेली.

२ एप्रिल

रतन बोलत नाही. जेवायला वाढते. तिला सगळं खरं माहीत आहे. माझ्या घरात मला ओळखणारं एक माणूस आहे, हे आजवर सुख वाटायचं.

५ एप्रिल

बाबांकडे जायचं धैर्य झालं नाही. वलांडीच्या आडून पाहून आलो. बायजा त्यांना भरवत होती.

१२ एप्रिल

वार्षिक सभा. राजीनामा खिशात घेऊन गेलो होतो. त्यात "प्रकृतीच्या कारणास्तव" असं लिहिलं होतं. तेही खोटं.

मी उठायच्या आत दाराशी गडबड झाली. बुधाजी आणि त्याचा मुलगा खुर्ची उचलून आणत होते. खुर्चीत बाबा. धुतलेली बंडी, डोक्याला लाल टोपी. गणपतीनंतर पहिल्यांदा घराबाहेर. सगळे उभे राहिले. येसाजी नाखवांनी विचारलं, "तांडेल, तुमी कशाला तरास घेतला?"

बाबा बोलले. शब्द एकेक करून येत होते, जाळं ओढल्यासारखे.

"माजा भाग व्हता... बुधाजीच्या अर्जात. लपवला व्हता. चूक माजी. माज्या पोरानं... बापाला पन सोडला न्हाय. अशा मानसाच्या... हातात सोसायटी ठेवा."

टाळ्या. कोणीतरी शिट्टी मारली. येसाजी नाखवा म्हणाले, "आता कोन म्हनंल मास्तर आपल्या मानसाचं बघतो?" बिनविरोध, पुन्हा सेक्रेटरी. हार आणला होता, तो त्यांनी बाबांच्या डाव्या हातात दिला. मी वाकलो. हार कानाशी अडकला, बाबांनी एका हाताने सोडवून नीट घातला. बुधाजीही टाळ्या वाजवत होता. बायजा दारात उभी होती, तिने वाजवल्या नाहीत.

राजीनामा खिशातच राहिला.

१३ एप्रिल

सकाळी बाबांची दाढी करत होतो. बायजा पाण्याला गेली होती. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा म्हणाले,

"बुधाजीला कंदी सांगू नको."

काय?

"तुला ठाऊक न्हवतं ते. आमा दोघांबिगर कोनालाच न्हवतं. मंग तुला कसं कळंल?"

माझा हात थांबला.

"कर ना. अर्धी ऱ्हायलीय."